पुसलेली अक्षरे

पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलांचा विद्यारंभ धूळपाटीवर होत असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर बोटाने अथवा काडीने अक्षर काढावयाचे आणि ते गिरवून झाले की धूळ पुन्हा सारखी करून पुढील अक्षर घ्यावयाचे, असा तो क्रम. 'धुळाक्षरे' हा शब्द मराठीत आला तो त्यातूनच. एकदा धूळ सारखी झाली की आधीच्या अक्षराचा मागमूसही उरत नसे. पुढे दगडी पाटी आली. तिच्यावरील अक्षरे ओल्या फडक्याच्या एका हाताने नाहीशी होत. पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहत आल्यामुळे पुसणे म्हणजे नाहीसे करणे, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील सर्व फाइली चुकून पुसल्या गेल्या, म्हणजेच ती डिस्क 'फॉरमॅट' झाली, की मनुष्याच्या डोळ्यांपुढे ही धूळपाटीच उभी राहते. त्याच्या पोटात धस्स होते. वर्षानुवर्षांची छायाचित्रे, लेखन, हिशेब, ध्वनिमुद्रणे एका क्षणात धुळीला मिळाली असे त्याला वाटते. परंतु हार्ड डिस्क ही धूळपाटी नव्हे. तिचा स्वभाव अगदी निराळा आहे. तो स्वभाव ज्याला ठाऊक असतो, त्याला गेलेली वस्तू पुष्कळदा परत मिळते. ज्याला तो ठाऊक नसतो, तो मात्र घाबरून भलतेच काही करून बसतो आणि न गेलेली वस्तूही आपल्याच हाताने घालवतो.

हार्ड डिस्क प्रथम लोकांपुढे आली ती १९५६ साली. आयबीएम या अमेरिकन कंपनीने केलेल्या त्या यंत्रात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या होत्या. यंत्राचे वजन एक टनाच्या आसपास होते, आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्यात मावत होती अवघी ५० लाख अक्षरे. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये तिच्या सुमारे दोन लक्ष पट मजकूर मावतो. आकार पालटला, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप असतो. तबकडी मिनिटाला ५,४०० अथवा ७,२०० फेरे घेत असते, आणि तिच्यावर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी अंतरावर एक इवलेसे शीर्ष तरंगत असते. लेपातील सूक्ष्म कणांची चुंबकीय दिशा ते बदलते, आणि पुढे तीच दिशा वाचते. शून्य आणि एक या दोनच चिन्हांत सारी माहिती साठविलेली असते. नातवाचे हसणे असो की शेताचा सातबारा असो, डिस्कला दोन्ही सारखीच.

परंतु नुसती माहिती साठवून भागत नाही; ती पुन्हा सापडली पाहिजे. त्यासाठी डिस्कवर एका ठिकाणी एक नोंदवही राखलेली असते. कोणती फाइल, तिचे नाव काय, ती कोठून सुरू होते आणि तिचे तुकडे कोठकोठे ठेवले आहेत, हे सारे या नोंदवहीत लिहिलेले असते. गावच्या वाचनालयाचे उदाहरण घेतले म्हणजे ही व्यवस्था चटकन समजेल. कपाटांत हजारो पुस्तके आहेत, आणि कोणते पुस्तक कोणत्या खणात आहे हे ग्रंथपालाच्या नोंदवहीवरून कळते. एके दिवशी कोणी ती नोंदवही फाडून टाकली आणि तिच्या जागी कोरी वही आणून ठेवली, तर काय होईल? पुस्तके जागच्या जागीच राहतील. परंतु वहीवरच विसंबून राहणारा ग्रंथपाल मात्र म्हणेल, "आमच्या वाचनालयात एकही पुस्तक नाही."

नेहमीच्या, म्हणजे 'जलद' प्रकारच्या फॉरमॅटमध्ये घडते ते एवढेच. संगणक जुनी नोंदवही रद्द करून कोरी वही उघडतो. एवढ्या मोठ्या डिस्कवरील काम काही क्षणांत उरकते याचे कारणही हेच. मूळ माहितीला त्याने हातच लावलेला नसतो. खरा धोका पुढे असतो. आपल्या ग्रंथपालाकडे आता नवी पुस्तके आली, तर तो ती कोठे ठेवील? वही कोरी आहे. तेव्हा सगळी कपाटे रिकामीच आहेत असे समजून, हाताला लागेल त्या खणातील जुने पुस्तक भिरकावून तो तेथे नवे ठेवील. असे भिरकावलेले पुस्तक पुन्हा हाती येत नाही. डिस्कवर एका जागी नवी माहिती लिहिली गेली की त्या जागेवरील जुनी माहिती कायमची जाते. फॉरमॅटचा 'संपूर्ण' असा दुसराही एक प्रकार आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोज प्रणालींत हा प्रकार निवडल्यास संगणक साऱ्या डिस्कवर शून्ये लिहीत जातो. त्याला तासन्‌तास लागतात. परंतु तो पुरा झाल्यावर मात्र डिस्क खरोखरच धूळपाटी होते.

एखाद्या घरी असे घडते. आजी हयात असताना थोरल्या नातीने तिच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या असतात. आजी जाते, ओव्या डिस्कवर राहतात. एके दिवशी धाकटा भाऊ डिस्कची तार घाईने ओढून काढतो आणि नोंदवही बिघडते. पुढल्या वेळी डिस्क जोडताच पडद्यावर अक्षरे उमटतात, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.' यंत्रच सांगते आहे, तेव्हा तसे करणे योग्यच असणार, असे वाटून मुलगा होकार देतो. डिस्क स्वच्छ, रिकामी दिसू लागते. तो खूश होऊन तिच्यावर तीन चित्रपट उतरवून ठेवतो. संध्याकाळी ताई घरी आल्यावर तिला ओव्यांची आठवण होते.

मुलगा रडवेला होऊन म्हणतो, "ताई, मी मुद्दाम नाही गं केलं."

ताईचा चेहरा उतरलेला असतो; परंतु ती रागावत नाही. ती प्रथम डिस्क संगणकापासून अलग करते आणि म्हणते, "आता हिच्यावर काही म्हणता काही ठेवायचं नाही. चित्रपटही पुसायला जाऊ नकोस. जे आहे ते आहे तसंच राहू दे."

या प्रसंगी ताईने जे केले, ते वरवर पाहता काहीच नव्हे. तथापि सबंध विद्येचा गाभा त्या न करण्यातच आहे. संकट आले की मनुष्याला काहीतरी करावेसे वाटते. तो भराभर कळा दाबतो, वेगवेगळ्या आज्ञावल्या त्याच डिस्कवर बसवून पाहतो, सापडलेल्या चार फाइली पुन्हा त्याच डिस्कवर ठेवतो. आणि अशा प्रत्येक धडपडीगणिक ग्रंथपाल आणखी एक जुने पुस्तक भिरकावीत असतो. डिस्कमधून नेहमीपेक्षा निराळा टक्‌टक्‌ आवाज येत असेल, तर ती पुन्हा सुरू करणेही घातक असते. कारण आतील शीर्ष निकामी होऊन तबकडी खरवडीत असण्याचा संभव असतो. अशी डिस्क घरी उघडावयाची नसते. धूलिकणांपासून मुक्त अशा खास खोलीत, त्या कामातील जाणकारांनीच ती उघडावी.

ताईची डिस्क तशी निरोगी असते. म्हणून जाणकार माणूस पुढील पायरी घेतो. तो त्या डिस्कची पहिल्या बिंदूपासून अखेरच्या बिंदूपर्यंत एक तंतोतंत नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. रिकामा दिसणारा भागसुद्धा तो वगळत नाही; किंबहुना जे शोधावयाचे ते तेथेच दडलेले असते. मूळ डिस्क बाजूला ठेवून यापुढचा सारा शोध तो नकलेवरच करतो. एखादी चूक झालीच, तर मूळ शाबूत राहावे, हा त्यातील हेतू.

मग शोध सुरू होतो. जुन्या नोंदवहीची काही पाने शिल्लक राहिली असतील, तर फाइली नावागावासह परत मिळतात. ती पानेही गेली असतील, तर निराळी युक्ती योजावी लागते. प्रत्येक प्रकारच्या फाइलची काही जन्मखूण असते. जेपेग प्रकारच्या छायाचित्राच्या आरंभी २५५ आणि २१६ या संख्या लागोपाठ येतात, आणि अखेरीस २५५ आणि २१७ येतात. पीडीएफ फाइलच्या तोंडाशी तर 'पीडीएफ' हीच रोमन अक्षरे लिहिलेली असतात. ध्वनिमुद्रणांच्याही अशाच ठराविक खुणा असतात. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली फोटोरेक ही आज्ञावली कोणालाही विनामूल्य मिळते. ती नोंदवहीकडे पाहतच नाही. साऱ्या डिस्कवरून ती टोकापासून टोकापर्यंत फिरते, अशा खुणा हुडकते आणि खुणेपासून पुढचा मजकूर उचलून वेगळा ठेवते. आषाढीच्या गर्दीत चुकलेली मुले शोधणाऱ्या स्वयंसेवकासारखेच हे काम आहे. नाव कोणी सांगत नाही. अंगावरच्या खुणांवरूनच ओळख पटवावी लागते. म्हणून अशा रीतीने मिळालेल्या फाइलींना त्यांची मूळ नावे नसतात. त्या नुसत्या क्रमांकांनी ओळखल्या जातात.

ताई एकेक क्रमांक उघडून ऐकू लागते. पहिल्या फाइलमध्ये कसलेसे गाणे निघते, दुसरीत वर्गातील गोंगाट निघतो, आणि तिसरीत एकदम जात्याची घरघर ऐकू येते. तिच्या पाठोपाठ आजीचा आवाज येतो. घरातील सारे जण हातातले काम टाकून तेथे जमतात. बऱ्याचशा ओव्या परत मिळतात. परंतु सगळ्या मिळत नाहीत. काही फाइलींचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते, ते जुळत नाहीत. त्या ओव्या मध्येच तुटतात. जेथे ते तीन चित्रपट जाऊन बसले होते, तेथील ओव्या तर मुळीच मिळत नाहीत. त्या पूर्वी आजीबरोबर जात्यावर बसणाऱ्या आत्याला आठवतील तेवढ्याच. आत्या त्या म्हणून दाखविते, ताई त्या उतरून घेते. शब्द परत येतात. पण आवाज आत्याचा असतो.

ही आशा प्रत्येक ठिकाणी बाळगता येत नाही, हेही जाणून असावे. आजच्या बहुतेक नव्या संगणकांत तबकडीची डिस्क नसते. तेथे एसएसडी नावाचे, फिरते भाग नसलेले साठवण-यंत्र असते. तेथील ग्रंथपाल फार तत्पर. नोंदवही रद्द होताच 'ट्रिम' नावाच्या आज्ञेने त्याला वर्दी मिळते की, या खणांची आता गरज नाही. आणि तो आपण होऊन ते खण झाडून ठेवतो. म्हणून अशा डिस्कवर फॉरमॅट झाल्यानंतर बहुधा हाती काही लागत नाही. आजच्या फोनचीही गत अशीच. त्यातील माहिती गुप्त लिपीत लिहिलेली असते आणि फोन मुळापासून कोरा केला की त्या लिपीची किल्लीच नष्ट होते. किल्लीवाचून उरलेली अक्षरे म्हणजे अर्थहीन राखच.

डिस्कच्या न विसरण्याच्या स्वभावाला दुसरीही बाजू आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात शिकणाऱ्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क जुन्या बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. मूळ मालकांनी पुष्कळशा डिस्क पुसून अथवा फॉरमॅट करून विकल्या होत्या. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून असे दिसून आले की, खऱ्या अर्थाने पुसलेल्या डिस्क अवघ्या १२ होत्या. बाकीच्यांपैकी कित्येकींत लोकांची खाजगी पत्रे आणि बँकेच्या व्यवहारांचे क्रमांक जसेच्या तसे होते. ज्या गुणामुळे ताईला आजीचा आवाज परत मिळाला, त्याच गुणामुळे या लोकांची गुपिते परक्याच्या हाती गेली. म्हणून डिस्क रद्दीत देण्यापूर्वी तिच्यावर सर्वत्र नवी माहिती लिहून तिला खरोखर कोरी केले पाहिजे. राखणे आणि पुसणे या दोन्ही गोष्टी समजून कराव्या लागतात.

आणि राखावयाचेच असेल, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संकटाच्या आधीच नकला करून ठेवणे. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी, असा साधा नियम या विषयातील जाणकार सांगतात. घरातील दोन डिस्क एकाच पुरात वाहून जाऊ शकतात. परगावच्या मावशीकडे ठेवलेली डिस्क मात्र कोरडी राहते.

तरीही प्रत्येक वेळी नक्कल करणे मनुष्याच्या हाती असतेच असे नाही. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांत होत्या. पृथ्वीभोवती फिरत असताना त्या साऱ्यांनी अनेक प्रयोग चालविले. त्यांतील एक प्रयोग झेनॉन या वायूविषयी होता. एका विशिष्ट तापमानाला आणि दाबाला, ढवळले असता झेनॉनचा दाटपणा कमी होतो की काय, हे त्यात पाहावयाचे होते. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे हे नीट मोजता येत नाही, म्हणून हा प्रयोग अवकाशात नेलेला. काही नोंदी उड्डाण चालू असतानाच रेडिओने खाली पोहोचल्या होत्या. पण उरलेल्या नोंदी यानातील हार्ड डिस्कवर होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर, उतरण्यास सुमारे १६ मिनिटे उरली असताना, टेक्सास राज्याच्या आकाशात यान भंगले. सातही जण मृत्युमुखी पडले.

यानाचे अवशेष शेकडो मैलांच्या टापूत विखुरले. पुढे काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्याच्या पात्रात धातूचा एक जळका, वितळलेला ठोकळा आढळला. ती त्या प्रयोगाची डिस्क होती. तिच्यावरील विद्युत्-मंडल जळून गेले होते आणि आत माती शिरली होती. मिनेसोटा राज्यातील तज्ज्ञांनी ती उघडली, तबकड्या रसायनाने स्वच्छ केल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रात बसविल्या. दैवयोगाने ज्या भागाची हानी झाली होती, तेथे काही लिहिलेलेच नव्हते. संगणकाची प्रणालीही जुनी होती; ती माहिती सर्वत्र न विखुरता एका ओळीने लिहीत असे. सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली. त्याच यानातील आणखी दोन डिस्क याच तज्ज्ञांकडे आल्या होत्या. त्यांतून काहीही मिळाले नाही. वाचलेल्या नोंदींवरून झेनॉनविषयीचा निष्कर्ष निघाला आणि २००८ साली तो एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या सात जणांना परत आणणारी कोणतीही विद्या नाही. मात्र ज्या कामासाठी त्यांनी ते सोळा दिवस वेचले, त्यातील एक काम मातीतून परत आले. तो जळका ठोकळा ज्यांच्या हाती आला, त्यांनी तो भंगारात टाकला नाही. आत काही उरले असेल असे मानून त्यांनी तो जपून पुढे पाठविला, म्हणून त्यातील अक्षरे आज वाचता येतात.